डोक्यावरच्या टिकल्या आणि १.१ मिलिमीटर: या आकड्यावर किती भिस्त ठेवायची?

तिरकी_रेघ
बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज अडलोय म्हणून पहिलाच धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मूळचा सॉफ्टवेअरवाला. गेले काही महिने डोक्याचे स्कॅन एकमेकांवर बसवण्याचं काम करतोय. माणूस एकच, त्याचा एक सीटी (क्ष-किरणांचा स्कॅन) आणि एक एमआर (चुंबकाचा, म्हणजे एमआरआय). सीटीत हाड स्वच्छ दिसतं, एमआरमध्ये मेंदू. दोन्ही एकावर एक नेमके बसले तर सर्जनचं काम सोपं होतं. त्यासाठी स्कॅनच्या आधी डोक्याच्या कातडीवर खुणा चिकटवतात. आमच्या डेटात त्या ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल आहेत: दोन कपाळावर, दोन कानशिलांवर, दोन कानांमागे. दोन्ही स्कॅनमध्ये कॅप्सूल शोधायच्या, त्यांचे मध्यबिंदू काढायचे आणि एक संच दुसऱ्यावर बसेपर्यंत फिरवायचा, सरकवायचा.

सहाही कॅप्सूल घेतल्या तेव्हा बसवून उरलेली चूक २.० मिमी आली. कानामागच्या दोन सगळ्यात जास्त बाहेर जात होत्या, म्हणून त्या गाळल्या. चार उरल्या, चूक १.१ मिमी. खूश झालो. मग सहज कवटीच्या आत, अगदी मागच्या बाजूला हाडाचा जो उंचवटा असतो तो दोन्हींत पाहिला. फरक ३.२ मिमी! डोळ्याचं भिंगही बसत नाही.

प्रोग्राम चारदा तपासला. गणितात चूक नाही. मग हा १.१ नक्की कशाचा आकडा आहे?

चिमटा
तुमच्या आनंदाचा. :)

रेडिओवाली
धागाकर्ते, आधी डोळ्याचं भिंग यादीतून काढा. एमआर चालू असताना माणूस वर बघत असेल, सीटीत दिव्याकडे. भिंग बुबुळाबरोबर फिरतं. त्यावरून जुळणी तपासणं म्हणजे घड्याळाच्या काट्यावर रेघ मारून भिंत मोजणं.

दुसरं म्हणजे कानामागच्या दोन्ही कॅप्सूल बाहेर का जात होत्या, हे कुणाला विचारलंत का? मी एमआरवर काम करते. डोकं हलू नये म्हणून कॉइलमध्ये, म्हणजे डोक्याभोवतीच्या पिंजऱ्यात, दोन्ही बाजूंनी स्पंजच्या गाद्या सारतो. डोकं मोठं असेल तर दाबूनच बसवाव्या लागतात. त्या गाद्या नेमक्या कानांवर आणि कानांमागे येतात. कातडी पुढे ढकलली जाते आणि तिच्यावरची टिकलीही जाते. सीटीत डोकं नुसतं टेकूवर असतं, बाजूला काही नाही. कवटी तीच राहिली, कातडी बदलली.

आम्ही त्यांना टिकल्याच म्हणतो, मार्कर वगैरे कागदावर.

शून्य_चूक
प्रश्न चांगला आहे आणि उत्तर जुनं आहे. तीन वेगळ्या चुका एकाच पोत्यात भरल्यामुळे हा गोंधळ होतो.

पहिली, खूण शोधण्यातली चूक: टिकलीचा मध्य जिथे असायला हवा होता आणि तुम्हाला जिथे मिळाला, यातलं अंतर. दुसरी, बसवून झाल्यावर टिकल्यांमध्ये उरलेलं अंतर. स्क्रीनवर दिसते ती हीच, एफआरई म्हणतात ती. तिसरी, जिथे सर्जनला जायचंय त्या जागेवरची चूक, टीआरई. रुग्णाच्या कामाची फक्त तिसरी. यंत्र दाखवतं दुसरी.

१९७९मध्ये सिब्सनने दुसरीचं गणित मांडलं. २ भागिले टिकल्यांची संख्या काढा, ती १ मधून वजा करा; एफआरईचा वर्ग सरासरीने पहिल्या चुकीच्या वर्गाच्या तितका पट येतो. आता गंमत बघा. टिकली शोधण्यातली चूक १.५ मिमी धरा. दहा टिकल्यांना एफआरई येईल १.३४, सहांना १.२२, चारांना १.०६, तिघांना ०.८७. टिकल्या कमी करत जा, आकडा सुंदर होत जातो! आणि टिकल्यांच्या मध्यावरची खरी चूक? दहांना ०.४७, सहांना ०.६१, चारांना ०.७५, तिघांना ०.८७. ती वाढत जाते.

म्हणजे दोन टिकल्या गाळून तुम्ही फक्त शिक्षकाला मार्क वाढवायला लावलेत. अभ्यास उलट कमी झाला.

तिरकी_रेघ
@शून्य_चूक, हे वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. पण मध्यावर ०.७५ असेल तरी ३.२ कुठून येतो?

@रेडिओवाली, भिंगाचं कबूल. लाज वाटली.

खिळा
कुठून येतो म्हणजे? कातडीवरून येतो! कातडी म्हणजे उशीचा अभ्रा. अभ्र्यावर खूण करून आतल्या कापसातला गोळा शोधायला निघालात, तर दुसरं काय होणार.

कवटी हा एकच घट्ट भाग आहे. १९०८मध्ये हॉर्स्ली आणि क्लार्कने मेंदूतली नेमकी जागा गाठायला डोक्यावर बसवायची चौकट बनवली, प्राण्यांसाठी. १९४७मध्ये स्पीगेल आणि वायसिसने ती माणसावर आणली, १९४९मध्ये लेक्सेलची कमानवाली आली. पुढच्या चौकटींनी तर हाडालाच धरलं. हाडात छोटा खिळा बसवून त्याच्या डोक्यावर खूण लावा, अर्धा-एक मिलिमीटरमध्ये काम होतं. कातडीवर चिकटवलेल्या गोष्टीवर मिलिमीटरचे दावे करणं हा आत्मविश्वासाचा अतिरेक आहे.

चिमटा
खिळेसाहेब, नावाला जागलात.

डॉ_अर्धेमुर्धे
खिळ्यांचं म्हणणं चुकीचं नाही, पण ते रुग्णाच्या बाजूने बघत नाहीयेत. हाडात खिळा म्हणजे भूल, चीर, संसर्गाचा धोका आणि आणखी एक दिवस. खोल मेंदूत इलेक्ट्रोड बसवायचा असेल तर घ्यावा हा त्रास, मी नाही म्हणत नाही. पण पृष्ठभागाजवळचा चार सेंटिमीटरचा ट्यूमर काढायला, कवटी नेमकी कुठे उघडायची एवढंच ठरवायचं असेल, तर २-३ मिमी चूक चालते. १९८६मध्ये रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी चौकटीशिवाय, ध्वनिलहरींनी मायक्रोस्कोपची जागा शोधून दिशा दाखवली. ते आलंच मुळी चौकट नको म्हणून.

आणि एक कडू गोष्ट. मेंदूवरचं आवरण उघडलं, पाणी वाहून गेलं की मेंदू खाली बसतो. पृष्ठभागावर हे सरकणं सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतं. तेव्हा सकाळी १.१ होता की २.० याला दुपारी फारसा अर्थ उरत नाही. म्हणून हे नेव्हिगेशन आम्ही सुरुवातीला जास्त वापरतो, शेवटी कमी.

खिळा
म्हणजे पुढे चूक होणारच आहे म्हणून आधीही करा? हे तर्कशास्त्र मला झेपलं नाही.

डॉ_अर्धेमुर्धे
तसं नाही हो. कुठल्या कामाला किती अचूकता लागते ते आधी ठरवा, मग अवजार निवडा, एवढंच. सुईने शिवायचं की कुऱ्हाडीने फोडायचं.

भाषाभगिनी
अवांतर. 'रजिस्ट्रेशन'ला तुम्ही लोक 'जुळणी' म्हणताय ते आवडलं. एका पारिभाषिक मसुद्यात मी 'प्रतिमा-नोंदणी' वाचलं होतं. मला वाटलं स्कॅनलाही आता रांगेत उभं राहून सही करावी लागते.

चिमटा
मग दोन स्कॅन 'नोंदणी पद्धतीने' जुळले म्हणायचे. साक्षीदार सहा कॅप्सूल, त्यातल्या दोन ऐनवेळी फुटल्या. ह.घ्या.

उशिरा_उगवलेला
'सांधणी' कसं वाटतं? जुळणीत दोन सारख्या गोष्टी असतात असं वाटतं, सांधणीत तसं नाही.

भाषाभगिनी
सांधणीत दोन तुकडे कडेला कड लावून जोडतात. इथे एकावर एक ठेवायचंय. जुळणीच बरी.

शून्य_चूक
धाग्यावर परत येतो. @तिरकी_रेघ, ३.२चा एक हिस्सा असा.

फिट्झपॅट्रिक, वेस्ट आणि मॉरर यांनी १९९८मध्ये टार्गेटवरच्या चुकीचं सूत्र दिलं. शब्दांत सांगतो. टिकल्यांच्या मध्यावर चूक सर्वांत कमी. तिथून जितके लांब जाल तितकी वाढते. किती वाढते हे टिकल्या किती पसरलेल्या आहेत त्यावर ठरतं. टिकल्या जवळजवळ असतील तर बारीकशा चुकीने पूर्ण डोकं किंचित फिरतं, आणि फिरणं लांबच्या जागेवर मोठं दिसतं. एका अंशाचं फिरणं १०० मिमीवर १.७५ मिमी होतं.

तुमच्या उरलेल्या चारही टिकल्या तोंडाच्या बाजूला. १.१ वरून उलटं काढलं तर टिकली शोधण्यातली चूक साधारण १.५५ येते. टिकल्या त्यांच्या मध्यातून जाणाऱ्या अक्षांपासून सरासरी ४५ मिमी आणि टार्गेट १२० मिमी मागे धरलं, तर मध्यावरची ०.७८ मागे जाऊन १.९ होते. त्याच टिकल्या डोकंभर विखुरलेल्या असत्या तर बराच फरक पडला असता.

शिडी भिंतीला दोन ठिकाणी टेकवताना टेकू जवळजवळ घेतले की वरचं टोक डोलतं. तसंच हे.

पण १.९ म्हणजे ३.२ नव्हे. नशीब वाईट असेल तर येऊ शकतो, पण मला आणखी काहीतरी दिसतंय. हे सूत्र धरून चालतं की प्रत्येक टिकलीची चूक स्वतंत्र आहे, एक इकडे गेली तर दुसरी तिकडे. सगळ्या टिकल्या मिळून एकाच दिशेला सरकल्या, तर सूत्राला ते कळत नाही. एफआरईला तर मुळीच नाही.

निळी_शाई
मी या विषयातली नाही, पण या टिकल्या माझ्या डोक्यावर होत्या. म्हणून लिहिते.

मला आदल्या दिवशी संध्याकाळी चिकटवल्या, दहा की अकरा. मधे भोक असलेल्या गोल चकत्या, वड्यासारख्या. काही ठिकाणी केस कापले. प्रत्येकीभोवती शाईने गोल काढला आणि सांगितलं, पडली तर बरोबर गोलात परत लावा, डोकं धुवायचं नाही, कुशीवर झोपू नका. कुशीवर झोपू नका! रात्रभर छताकडे बघत होते. पहाटे एक निघालीच, उशीला चिकटलेली सापडली. शाईचा गोल घामाने फिसकटला होता. नर्सबाईंनी लावली परत, अंदाजाने.

आता तुम्ही मिलिमीटरचे वाद घालताय ते वाचून त्या टिकलीची आठवण आली. त्या एका टिकलीमुळे काही बिघडलं असेल का? ऑपरेशन होऊन खूप दिवस झाले, मी ठणठणीत आहे. फक्त कुतूहल.

डॉ_अर्धेमुर्धे
@निळी_शाई, आधी आनंद वाटला तुम्ही बऱ्या आहात म्हणून. दहांतली एक अंदाजाने लावली तर सहसा ती सापडते. ती एकटीच वेगळी पडते, बाकीच्या नऊ एकमेकींना धरून असतात, तेव्हा ती गाळतात. शिवाय सुरू करण्याआधी पॉइंटरचं टोक नाकाच्या मुळावर, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर, कानाच्या मुळाशी टेकवून स्क्रीनवरही तिथेच दिसतंय का ते बघतात. आकडा कितीही गोड असो, हे केल्याशिवाय चीर नाही.

रेडिओवाली
निळीताई, कुशीवर झोपू नका हे मी पण सांगते आणि प्रत्येक वेळी मनात म्हणते की हे मला जमलं नसतं.

रच्याकने, ऑपरेशनच्या टेबलावरही हेच. डोकं तीन टोकांच्या क्लॅम्पमध्ये आवळलं की टोकांभोवतीची कातडी ओढली जाते. पालथं झोपवलं तर कपाळाची आणि गालांची कातडी लोंबते. भूल दिल्यावर स्नायू सैल पडतात. मानेजवळची टिकली तर मान वळली की वळली. म्हणून आमच्याकडे अलिखित नियम आहे: कपाळ चांगलं, डोक्याचा माथा चांगला, कानशिलं बरी, कानामागे सांभाळून, मानेवर नको. आणि दोन्ही बाजूंना आरशातल्यासारख्या हुबेहूब लावू नका, नाहीतर सॉफ्टवेअर डावी-उजवी उलटी जोडतं.

चिमटा
डावी-उजवीवरून: आमच्या ओळखीच्या एका प्रयोगशाळेत स्कॅनमध्ये बाजू चुकू नये म्हणून उजव्या कानशिलावर एक कॅप्सूल चिकटवायचा नियम होता. एका नवशिक्याने समोर बसलेल्या माणसाच्या 'उजव्या' बाजूला लावली. त्याच्या स्वतःच्या उजव्या. महिनाभर सगळे मेंदू उलटे.

लहरी_मेंदू
हे वाचून हसू आलं आणि घामही फुटला. आम्ही मेंदूच्या चुंबकीय लहरी मोजतो, तिथेही रोज हीच कसरत. नाकाच्या मुळाशी एक, दोन्ही कानांपुढे एकेक, अशा तीन जागा बोटाने चाचपून ठरवतो आणि पेनासारख्या प्रोबने टिपतो. कानापुढची नेमकी जागा म्हणजे कुठली, यावर दोन तंत्रज्ञांचं एकमत होत नाही. त्यामुळे तीन जागांवरच थांबत नाही. कपाळ, नाकाचा दांडा, माथा यांवर शंभरएक ठिपके प्रोबने घेतो आणि एमआरमधल्या कातडीच्या पृष्ठभागावर बसवतो. बेसल आणि मॅके यांची १९९२ची 'जवळचा बिंदू शोध, बसव, परत शोध' पद्धत. नाकाचा दांडा घेतला नाही तर मात्र डोकं चेंडूसारखं गोल असल्याने कुठेही फिरून बसतं. नाक फार उपयोगी आहे.

चिमटा
नाक खुपसायला शास्त्रीय मान्यता.

उशिरा_उगवलेला
मग टिकल्या हव्यातच कशाला? दोन्ही स्कॅनमधल्या चित्रांवरूनच संगणकाने जुळवावं की.

शून्य_चूक
जुळवतो. सीटी-एमआर एकमेकांवर बसवायला १९९०च्या दशकाच्या मध्यापासून 'म्युच्युअल इन्फर्मेशन' आहे. एका चित्रातली छटा कळली की दुसऱ्यातल्या छटेबद्दल किती अंदाज येतो ते मोजतात आणि तो सर्वांत जास्त होईल तसं बसवतात. दोन्ही चित्रं दिसायला सारखी असायची गरज नाही.

१९९७मध्ये वेस्ट, फिट्झपॅट्रिक आणि बऱ्याच गटांनी मिळून झाकली मूठ परीक्षा घेतली. रुग्णांच्या हाडात बसवलेल्या खुणांवरून खरं उत्तर काढलं, मग चित्रांतून त्या खुणांचा मागमूस पुसून टाकला आणि चित्रं सगळ्या गटांना दिली. निष्कर्ष असा की अशा पद्धती बऱ्याचदा समाधानकारक उत्तर देतात, पण मोठी चूक निसटू नये म्हणून डोळ्यांनी तपासणं आवश्यक.

@खिळा, तुमच्या खिळ्यांचा हा खरा मान. परीक्षेतलं उत्तर तेच होते.

पण ऑपरेशनच्या टेबलावर स्कॅन नसतो, प्रत्यक्ष डोकं असतं. तिथे स्कॅन त्या डोक्याशी जुळवायला टिकल्या किंवा पृष्ठभागच लागतो.

खिळा
बरं वाटलं वाचून. थोडं मवाळ होतो.

रेडिओवाली
थांबा, एक गोष्ट राहिली! काल झोपताना लक्षात आली. @तिरकी_रेघ, कॅप्सूल ई जीवनसत्त्वाच्या आहेत म्हणालात. म्हणजे तेल. तुमच्या एमआरच्या हेडरमध्ये (स्कॅनच्या फाइलमधल्या माहितीत) बँडविड्थ किती आहे, म्हणजे दर पिक्सेलमागे किती हर्ट्झ? चुंबक दीड टेस्लाचा की तीन? आणि फ्रिक्वेन्सीची दिशा, म्हणजे ज्या दिशेने वारंवारितेवरून जागा ओळखतात ती, कुठली?

तिरकी_रेघ
दीड टेस्ला. आडव्या कापांचा त्रिमित स्कॅन, व्हॉक्सेल (त्रिमित पिक्सेल) १ मिमी. बँडविड्थ दर पिक्सेलला १३० हर्ट्झ. फ्रिक्वेन्सीची दिशा पुढून मागे. का?

रेडिओवाली
सापडलं बहुतेक.

एमआर जागा ओळखतं वारंवारितेवरून. तेलातला हायड्रोजन पाण्यातल्यापेक्षा किंचित हळू फिरतो, दशलक्षात साधारण साडेतीन भाग. दीड टेस्लाला ते २२० हर्ट्झच्या आसपास येतं. यंत्राला वाटतं हा फरक जागेचा आहे. तुमच्याकडे १३० हर्ट्झला एक पिक्सेल, म्हणून २२० भागिले १३०, म्हणजे १.७ पिक्सेल. म्हणजे १.७ मिमी. मेंदू पाण्याचा, तो जागेवर. कॅप्सूल तेलाच्या, त्या सगळ्या चित्रात १.७ मिमी पुढे किंवा मागे सरकलेल्या. सीटीत तेल असो वा पाणी, जागा सरकत नाही, तिथे त्या बरोबर जागी.

कातडीखालच्या चरबीचंही हेच होतं. आमच्याकडे नवीन मुलांना हे डोळ्याभोवतीच्या चरबीत दाखवतात, एका कडेला काळी रेघ, दुसऱ्या कडेला पांढरी. टिकलीत मात्र कुणाला दिसत नाही, कारण टिकली एकटी हवेत असते, तिच्या शेजारी तुलनेला काही नसतं.

शून्य_चूक
रेडिओवाली, सलाम. सगळ्या टिकल्या एकसारख्या, एकाच दिशेला, एकाच अंतराने सरकलेल्या. गणित काय करणार? सगळ्या संचालाच १.७ मिमी सरकवून नेमकं बसवणार. टिकल्या एकमेकींशी पूर्ण सुखात. मेंदू १.७ मिमी चुकीच्या जागी. एफआरईत या चुकीचा एक शतांशही दिसणार नाही.

माझ्या १.९ मध्ये हे मिळवा. दोन स्वतंत्र चुका म्हणून वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं तर २.५च्या आसपास.

डॉ_अर्धेमुर्धे
हे मला माहीत नव्हतं. लिहायला लाज वाटत नाही. आमच्याकडच्या चकत्यांमध्ये काय भरलंय ते उद्या विचारणार आहे.

खिळा
खिळ्याच्या डोक्यावरच्या खुणेतही तेल भरलं तर हेच होईल, नाही का? हं. हे मात्र पटलं. हाड बरोबर असून खूण चुकीची दिसेल.

लहरी_मेंदू
आम्ही डावी-उजवी ओळखायला याच कॅप्सूल लावतो. त्यासाठी दोन मिमीने काही फरक पडत नाही. पण एका सहकाऱ्याने त्याच कॅप्सूल नाकाच्या मुळाच्या जागेसाठी वापरल्या होत्या. त्याला हा धागा पाठवतोय. रात्री झोप लागणार नाही त्याला.

चिमटा
त्याला कुशीवर झोपू नका म्हणून सांगा.

तिरकी_रेघ
उशीर झाला, माफी. तपासल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

रेडिओवालींनी खासगी निरोपात सुचवलेला प्रयोग केला. परवानगी घेऊन माझ्याच डोक्याचा एमआर दोनदा, कॅप्सूल लावून, मधे न हलता. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी फ्रिक्वेन्सीच्या ग्रेडियंटची (ज्या चुंबकीय चढ-उतारावरून जागा ओळखतात त्याची) दिशा उलटी. सीटी अर्थातच नाही केला, नुसत्या कुतूहलासाठी किरणं कशाला. दोन्ही एमआर मेंदूवर जुळवले आणि कॅप्सूल पाहिल्या. एका स्कॅनमधून दुसऱ्यात सगळ्या ३.५ मिमीच्या आसपास सरकलेल्या, पुढून मागे. १.७ची दुप्पट ३.४. थोडा जास्तीचा भाग हवेच्या सीमेवरच्या चुंबकीय विकृतीचा असावा असं त्या म्हणाल्या. स्क्रीनवर दोन चित्रं आलटून पालटून दाखवली तर मेंदू स्थिर आणि कॅप्सूल बेडकासारख्या उड्या मारतात.

मग जुन्या डेटाकडे गेलो. एमआरमधल्या प्रत्येक कॅप्सूलची जागा योग्य दिशेला १.७ मिमी सरकवली आणि परत जुळवलं. मागच्या हाडाच्या उंचवट्यावरची चूक:

चार कॅप्सूल, आधी ३.२, आता २.१.
सहा कॅप्सूल, आधी २.४, आता १.३.

सहा कॅप्सूलचा आधीचा २.४ मी मोजलाच नव्हता. एफआरई २.० दिसली आणि घाईने दोन गाळल्या. म्हणजे गाळल्याने मागे चूक वाढली होती आणि मला वाटत होतं सुधारलं.

आणि एफआरई? सहांना २.० होती, दुरुस्तीनंतरही २.०. चारांना १.१ होती, अजूनही १.१. दशांश चिन्हानंतरच्या सहाव्या घरापर्यंत तीच. छापून भिंतीवर लावलंय.

कानामागच्या कॅप्सूलचं रेडिओवालींचं म्हणणंही खरं निघालं. हाडावरून जुळवून पाहिलं तर त्या दोन्ही एमआरमध्ये पुढे ढकललेल्या दिसतात, डावी २.५, उजवी ३ मिमीच्या आसपास. तरीही त्या ठेवलेल्या बऱ्या. मागे टेकू देतात ना, भले वाकडा का असेना.

शून्य_चूक
ठेवा, पण वजन कमी द्या. प्रत्येक टिकलीवर किती विश्वास हे आकड्याने सांगता येतं. कपाळाला पूर्ण, कानामागे निम्म्याहून कमी. सरसकट गाळणं हा आळस.

खिळा
१.३. कातडीवरून. मान्य करायला जड जातंय.

निळी_शाई
सगळं नाही कळलं, पण कॅप्सूल बेडकासारख्या उड्या मारतात ते चित्र टाका ना इथे. आणि माझ्या चकत्यांमध्ये तेल होतं की पाणी, ते कसं कळेल?

रेडिओवाली
निळीताई, जुन्या सीडीत स्कॅन असेल तर सीटीत चकतीची छटा बघता येईल. तेल चरबीसारखं गडद दिसतं, पाण्याचा जेल मऊ राखाडी. सीडी सापडली तर सांगा, आपण दोघी बघू.

निळी_शाई
सापडली. कपाटात सर्वांत वरच्या खणात होती. पण सीडी लावायला यंत्रच राहिलं नाहीये घरात.

चिमटा
आता धागा क्रमांक दोन: सीडी ड्राइव्ह कुणाकडे आहे?